मुकादमबाईंच्या झडपा

"ओढ की आई," मुलगा अंगणातून म्हणाला. "थांबलीस का?"

मुकादमबाई थांबल्या नव्हत्या. खिडकीच्या चौकटीवर पोट टेकवून, टाचा उचलून त्या बाहेर वाकल्या होत्या आणि त्यांचा हात झडपेच्या वीतभर अलीकडे हवेतच चाचपडत होता. मी आदल्या दिवशी बसवलेल्या झडपेचे दोन्ही पल्ले बाहेर भिंतीला टेकून ऐटीत उघडे होते. उजवा खांदा वर जाईना, डावा हात पुरेना.

मी मुलाच्या शेजारीच उभा होतो. तीस वर्षं सुतारकाम करतोय. माझ्या दाराच्या फटीतून मुंगी जात नाही असं लोक म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो, लोक अडवत नाहीत. पण त्या क्षणी धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

बाई आत सरकल्या. धाप लागली होती. मग खिडकीतून नुसतं डोकं काढून म्हणाल्या, "सुतार, खिडकीचं माप घेतलंस. माझं घेतलंस का?"

मापाची पट्टी मी खिशात आणखी आत ढकलली.

मुलानं हातातली मोठी कापडी बॅग पायरीवर ठेवली. "आई, ठरलं होतं ना आपलं? भर कपडे."

मुलगा वाईट नाही हो. दर वर्षी वादळाचे दिवस आले की दुसऱ्या गावाहून येऊन, शिडीवर चढून, आईच्या चारही खिडक्यांना प्लायचे तुकडे ठोकायचा. गेल्या वर्षी शिडी सरकली. घोटा मोडला, दोन महिने प्लास्टरमध्ये. सुनेनं हात टेकले, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मग त्यानं आईला सांगितलं, खिडक्या तुला एकटीला बंद करता आल्या पाहिजेत. नाहीतर घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे सातव्या मजल्यावर राहायला ये. बाईंनी अट मान्य केली. शब्दाच्या पक्क्या.

एकतीस वर्षं त्या कचरा डेपोत होत्या. झाडूपासून सुरुवात, शेवटची अकरा वर्षं मुकादम. उंची चार फूट आठ इंच, पण आवाज असा की ट्रक मागं घेणारा ड्रायव्हर जागच्या जागी ब्रेक मारायचा. हे दोन खोल्यांचं घर त्यांनी आणि नवऱ्यानं वीट वीट जमवून बांधलं. नवरा गेला, घर राहिलं. तिथून त्यांना हलवायचं म्हणजे जुनं झाड कुंडीत लावण्यातला प्रकार.

महिन्यापूर्वी त्या माझ्या दुकानात आल्या तेव्हा हातात मुलानं पाठवलेली रंगीत माहितीपत्रकं होती. रंध्याखालच्या भुश्श्यावरच ती पसरली.

"हे बघ. पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे."

"चांगले असतात," मी म्हणालो. "उजेड येतो."

"उन्हानं पिवळे पडतात. मग तडकतात. मग कुठं जातात?"

"कुठं?"

"माझ्याकडं! डेपोत. आणि हे, काचेवर चिकटवायचा कागद. कागद चिकटलेली काच भट्टीवाला घेत नाही. गाडावी लागते. आणि हे अॅल्युमिनियमचं गुंडाळतं शटर."

"अॅल्युमिनियम तर वितळवतात की."

"वितळवतात. पण पट्ट्यांच्या पोटात फोम भरलेला असतो. तो कोण काढतं? मी काढायचे, चाकूनं. वर मोटर. वादळात पहिली वीज जाते, मग काय मोटरला हात जोडायचे?"

"आणि प्लाय?"

"त्याचं तर नावच काढू नकोस. वादळ झालं की दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाच्या खिडक्या माझ्या दारात. फुगलेला प्लाय, खिळ्यांसकट. ह्या बघ." त्यांनी तळहात पुढं केला. अंगठ्याखाली दोन पांढरे वण होते. "लोक घर वाचवतात आणि उरलेलं दुसऱ्याच्या अंगावर टाकतात. मला असली झडप कर, जी मी मरेस्तोवर टिकेल आणि मेल्यावर कुणाला टोचणार नाही."

असं गिऱ्हाईक मला आयुष्यात भेटलं नव्हतं. लाकूडही त्यांनीच आणलं. डेपोत त्यांच्या हाताखाली काम केलेल्या बायकांनी टाकून दिलेली चार दारं बाजूला काढून ठेवली होती. जुनं, पिकलेलं, दणकट लाकूड. असं आता झाड तोडूनही मिळत नाही. रंग नको म्हणाल्या, जवसाचं तेल पाज. एका दाराला कुलपाच्या किल्लीचं भोक होतं. मी ते बुजवायला निघालो तर म्हणाल्या, "राहू दे. बाहेर कोण आलंय ते दिसेल."

मी जीव लावून काम केलं. एक झडप पुरी करून बसवली आणि मुलाला दाखवायला बोलवा म्हणून बाईंना मीच सांगितलं. फुशारकी, दुसरं काय. चौकटीचं माप सुतासुतानं घेतलं, पण चौकटीत कोण उभं राहणार हे डोक्यातच आलं नाही. कचरा उपसून उपसून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, हे तर सगळ्या गल्लीला माहीत होतं.

आत कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. बाई खरंच बॅगेत भरायचे कपडे बाहेर काढत होत्या.

"आठ दिवस द्या," मी मुलाला म्हणालो. "चूक माझी आहे. त्यांना का शिक्षा?"

"काका, वादळ काय तुमचं कॅलेंडर बघून येतं?"

"पुढच्या रविवारपर्यंत. नाही जमलं तर मी स्वतः त्यांची बॅग उचलून बसपर्यंत आणतो."

त्यानं जाऊन झडपेचा एक पल्ला हलवून बघितला. मग म्हणाला, "रविवार. आणि बॅग इथंच राहील."

बाईंनी ती बॅग भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. आठवडाभर ती माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होती.

मी बाईंना भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि पेन्सिलीनं खुणा केल्या. खांदा इथं, कोपर इथं, हात पुढं केला तर बोटं इथं. बायको नंतर म्हणाली, "शिंप्याच्या धंद्यात शिरलात की काय?" मी म्हटलं, आधीच शिरलो असतो तर इज्जत वाचली असती.

मग दोन पल्ले जोडून एकच अखंड झडप केली आणि बिजागऱ्या वरच्या बाजूला टाकल्या. खाली टेकू म्हणून एक काठी. काठी लावली की झडप छपरासारखी पुढं उभी, उन्हाळ्यात सावली फुकट. काठी आत ओढली की झडप आपल्या वजनानं खाली येते; आपटू नये म्हणून चौकटीला जुन्या सायकलच्या टायरची पट्टी. मग आतून आडवा अडसर, तोही बाईंच्या कमरेच्या उंचीला. काठ्या चारही त्यांच्या हाताच्या मापाच्या. खांदा वर न्यायचं कामच नाही.

वादळानं रविवारची वाट बघितली नाही. शुक्रवारी सकाळीच इशारा आला. तीन झडपा लागल्या होत्या. चौथी, भोकाची, मी दुपारी बसवली तेव्हा वारा इतका होता की स्क्रू तोंडात धरून बोलताही येईना. काम संपलं आणि मी म्हणालो, "मी थांबतो. चारही लावून देतो."

"आणि मग मुलाला काय सांगू? सुतारानं लावल्या?"

"अहो पण..."

"तुझ्या बायकोला खिडक्या नाहीत का? जा!"

तो डेपोतला आवाज होता. मी गेलो. घरी जाऊन माझ्या खिडक्यांना काय ठोकलं म्हणता? प्लाय. दिव्याखाली अंधार.

संध्याकाळपासून वाऱ्यानं जे थैमान घातलं ते पहाटे शांत झालं. डोळ्याला डोळा लागला नाही. काठीची खाच पुरेशी खोल घेतली का, अडसर बसला का, हेच डोक्यात. उजाडल्याबरोबर निघालो. गल्लीभर फांद्या, फोमचे तुकडे, ओल्या चिकटपट्ट्यांच्या गुंडाळ्या. बाईंचं घर जागेवर होतं. चारही झडपा बंद. आत काही आवाज नाही.

"मुकादमबाई!" मी ओरडलो. काही नाही. "बाई!" माझा आवाज चिरकला.

भोकाची झडप हलली. हळूहळू वर आली, खालून काठी पुढं सरकली, खाचेत बसली. खाली बाईंचं तोंड.

"मेलेय का बघायला आलास?"

मला रडू फुटलं. खोटं कशाला बोलू!

"किल्लीच्या भोकातून पाणी आलं थोडं," त्या म्हणाल्या. "फडकं लावलं. पण वारा तिथून हटेना, रात्रभर शिट्टी मारत होता. बरं वाटलं. घरात कुणीतरी असल्यासारखं."

तेवढ्यात मुलगा आला. पहिल्या गाडीनं, गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लाल. एकेका खिडकीपाशी जाऊन झडप बघत होता. एकीलाही तडा नव्हता.

"तू एकटीनं लावल्यास?"

"नाही, शेजारची मांजर होती मदतीला."

तो हसला नाही. बाईंनी आतून अडसर काढले आणि उरलेल्या तीन झडपा त्यानं स्वतः उघडल्या. शेवटची त्यानं आपल्या हातानं वर, पार डोक्याच्या वर उचलली आणि मोठी काठी शोधायला लागला. मोठी काठी नव्हतीच. अखेर त्यानं आईचीच काठी लावली. झडप त्याच्या छातीशी आली, आणि आत बघायला त्याला वाकावं लागलं.

घंटा वाजवत कचऱ्याचा ट्रक गल्लीत शिरला. दारोदार प्लायचे ढीग उचलत बाईंच्या दाराशी थांबला. ट्रकवरची बाई मुकादमबाईंच्याच हाताखाली शिकलेली. तिनं खाली वाकून हाक मारली, "मुकादमबाई, काय न्यायचंय?"

मुकादमबाईंनी अंगण बघितलं, चारही खिडक्या बघितल्या, मग मुलाकडं बघितलं.

"काही नाही न्यायचं," त्या म्हणाल्या.

ट्रक पुढं गेला. मुलगा सरळ झाला. मग आत गेला, खिळ्यावरची बॅग काढली, नीट घडी घातली आणि स्वतःच्या काखेत धरली.

"आई," तो म्हणाला, "चहा टाकतेस?"