दुपारची पोरं

“मावशी, उद्यापासून मनू नाही यायची,” प्रितीने उंबऱ्यातूनच सांगितलं. ती तशीच ड्युटीवरून आली होती. “माझी जाऊ घरीच असते ना, अनुजा. ती सांभाळेल.”

मी मनूची वेणी घालत होते. “बरं,” एवढंच बोलले. आतून मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. प्रितीने अर्ध्या वेणीसकट लेकीला कडेवर उचललं आणि गेलीसुद्धा.

लेक लग्न होऊन गेली तेव्हापासून लालबागच्या ह्या खोलीत मी पाळणाघर चालवते. वेळ ठरलेली, दुपारी बारा ते संध्याकाळी सात. मनू तर असायचीच, ध्रुव आणि स्वराही शाळेतून थेट माझ्याकडे यायची. माझा नवरा गुणाजी रे रोडला लाकडाच्या वखारीत रात्रपाळीचा वॉचमन. तो सकाळी येऊन झोपायचा, उठेपर्यंत पोरं जमायची. एका खोलीत सगळं छान बसलं होतं.

गणपती झाले आणि प्रिती रडत आली. परळच्या हॉस्पिटलात ती नर्स, राहते आमच्या मागच्या बिल्डिंगीत. तिला कायमची सकाळची ड्युटी लागली होती. “मनू तुमच्याशिवाय राहते का कोणाकडे? सकाळी सहाला घ्या ना तिला. प्लीज मावशी, ॲडजस्ट करा. तुम्ही घरच्याच.” मी म्हटलं, अगं, पहाटेपासून रात्रीपर्यंत माझ्याने नाही व्हायचं, गुडघे बोलतात. तर म्हणते, “दुपारच्या पोरांना कोणीही सांभाळेल हो. त्यांच्या आयांशी मीच बोलते, तुम्हाला वाईटपणा नको.” केवढी ती माया! मला भरून आलं. अक्कल कुठे गहाण ठेवली होती देव जाणे.

सोडली दोन्ही पोरं. गुणाजीला सकाळी पोटमाळ्यावर झोपायला पाठवलं. “मेल्यार तरी माका खाली झोपाक देशीत मा?” तो म्हणायचा, आणि मी उलट त्यालाच झापायचे. नंतर ध्रुव-स्वराच्या आया रस्त्यात दिसल्या की मान फिरवायच्या. मला वाटायचं, पोरं सोडली म्हणून रुसल्या असतील.

प्रिती गेल्यावर बघते तर मनूच्या चपला माझ्या दाराशीच. म्हटलं, राग आईवर, पोरीच्या चपलांनी काय केलंय? त्या घेऊन मागच्या बिल्डिंगीचे तीन मजले चढले.

प्रिती-अनुजाच्या दाराबाहेर छोट्या बुटांची रांग होती. ध्रुवचे निळे बूट मी लगेच ओळखले. दारावर नवी कोरी पाटी होती, ‘पाळणाघर. दुपारी बारा ते सात’. माझीच वेळ!

अनुजाने दार उघडलं.

“ही पोरं कधीपासून इथे?” मी विचारलं.

“तुम्ही सोडलीत तेव्हापासूनच,” ती सहज बोलून गेली. “वहिनींनीच आणली.”

प्रिती घाईघाईने पुढे आली. “मावशी, गैरसमज नका करू. हिलाही काहीतरी सुरू करायचं होतं. शेवटी धंदाच आहे ना.”

“धंदा? मग घरच्याच, घरच्याच काय लावलं होतंस? तोंडावर सांगितलं असतंस तर भांडले असते, विसरलेही असते. केसाने गळा कापलास गं माझा!”

“हळू बोला ना, स्वरा झोपलीय.”

तेवढ्यात ध्रुव धावत आला आणि माझ्या कमरेला बिलगला. “मावशी, मी येऊ तुझ्याकडे? ह्या काकूला गोष्टी येतच नाहीत.”

दोघी जावा माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. ये म्हटलं असतं तर दप्तर उचलून निघाला असता पोरगा. पण त्याची आई त्याला इथे ठेवून गेली होती, आणि भीक मागायची सवय मला नाही.

“नाही रे राजा,” मी म्हटलं. “मावशीला आता वेळच नसतो.”

मनूच्या चपला रांगेत नीट ठेवल्या आणि कठडा धरून खाली उतरले.