उजवीकडचा सांधा

पिकअपला हवा तसा प्लॅस्टिकचा बंपर बनवून देणारा माणूस त्या भागात एकच होता आणि त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. दोन जुने बंपर कापायचे, दिव्यांना जागा सोडून ते डावी-उजवीकडे जोडायचे, घासायचे, रंगवायचे आणि गाडीला बसवून द्यायचे. गाडीवाल्याने लांबून बघून "वा!" म्हटलं की उस्तादला त्या दिवशी जेवण नसलं तरी चालायचं. कौतुक मात्र त्याचंच व्हायला हवं. दुसऱ्या कुणाचं झालं की त्याला गाडीत, रस्त्यात, हवेत काहीतरी खोट दिसू लागायची.

बर्फवाल्याचा पिकअप फाटकाला समोरून धडकून त्याच्या दुकानात आला. बंपर उस्तादनेच दोन वर्षांपूर्वी बनवलेला होता. त्याने बोल्ट सोडवले, बंपर उताणा घातला आणि बघतो तर डावीकडचा सांधा उघडलेला. तो त्याच्या हातचा होता. उजवीकडचा सांधा मात्र जसाच्या तसा होता आणि तो त्याच्या हातचा नव्हता. कुणीतरी जुना सांधा खरवडून नव्याने जोडला होता. कुठे फुगा नाही, गाठ नाही. नख फिरवलं तर नखाला काही लागेना.

उस्तादच्या पोटात दुखायला लागलं. त्याने स्क्रू-ड्रायव्हर घालून सांधा उचकटून पाहिला. मग गुडघा देऊन बंपर वाकवला. बंपर वाकला, सांधा हलला नाही.

"अहो, दुरुस्त करायला दिलाय तो," बर्फवाला म्हणाला.

"हे कुणी केलं?"

"काय माहीत. गेल्या वर्षी तुमचा पाय मोडला होता ना, तेव्हा आमच्या ड्रायव्हरने कुठूनतरी करून आणलं. तो ड्रायव्हरही आता सोडून गेला."

"साधंच काम आहे."

"साधं? धडक दोन्हीकडे सारखीच बसली, तुमचा उघडला. रागावू नका. मी आठ नवीन गाड्या घेतोय. बंपर तुम्हीच बनवा, पण सांधे या माणसाच्या हातचे पाहिजेत. त्याला शोधा, हाताशी घ्या. परवापर्यंत सांगा, नाहीतर मी तयार बंपर मागवतो."

एवढं मोठं काम उस्तादच्या दुकानात कधी आलं नव्हतं. पण आठ बंपर हातचे जातील याहून, त्या आठांवर दुसऱ्याचा हात फिरेल हेच त्याला जास्त लागलं. आणि तो हात कुणाचा, याबद्दल त्याला शंकाच नव्हती. साडूचा! बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. काचेची केबिन असलेलं गॅरेज टाकल्यापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. उस्तादने मोबाइलमध्ये सांध्याचा फोटो काढला आणि तडक तिकडे गेला.

साडूने फोटो मोठा करून पाहिला. बराच वेळ पाहिला. हळूहळू त्याचा चेहरा पडला.

"तूच केलायस," तो म्हणाला. "आणि मला जळवायला आलायस."

"मी? तू केलास!"

"मला असं येत असतं तर केबिनच्या दारावर लावला असता हा फोटो."

साडूचा पडलेला चेहरा बघून उस्तादला बरं वाटलं. पण हे सुख चौकापर्यंतच टिकलं. साडू नाही, तर मग कोण? आता ज्याला नाव नाही, चेहरा नाही अशा माणसावर तो जळत होता आणि त्या जळण्याला कुठे टेकायलाही जागा नव्हती.

दुकानात बायको क्लिपा निवडून डब्यांत भरत होती. उस्तादने तिच्यासमोर सगळी भडास काढली. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "अहो, तो सांधा मी केलाय."

तो हसला. ती हसली नाही. तिने हातमोजे चढवले, डावीकडची चीर कोरून घेतली आणि तिच्यावर गरम हवेची हीट गन धरली. उस्ताद बघत राहिला.

"तुम्ही नुसती जोडायची प्लॅस्टिकची कांडी वितळवता," ती खाली बघतच म्हणाली. "खालचा बंपर थंडच राहतो. वरून चिकटल्यासारखं दिसतं, पण धरत नाही. आधी बंपर ओला दिसेपर्यंत तापवायचा. मग कांडी दाबायची. घाई करायची नाही."

"कुणी शिकवलं?"

"तुम्ही पलंगावर होतात, मी इथे. गिऱ्हाईक परत पाठवायचं जिवावर यायचं. भंगारातले तुकडे जाळून जाळून शिकले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काठी टेकत दुकानात आलात, तेव्हा पहिलं काय विचारलंत? ‘माझ्या हीट गनला कुणी हात लावला का?’ म्हणून. माझी हिंमत झाली नाही. म्हटलं, कधीतरी स्वतःच बघाल. खूश व्हाल."

कुठल्याही शहाण्या माणसाने अशा बायकोला डोक्यावर घेतलं असतं. उस्तादच्या मनात आलं, साडू असता तर परवडलं असतं. साडूला निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. तो म्हणाला, "हं. बरा झालाय." तिने एक क्षण त्याच्याकडे पाहिलं आणि सांधा घासायला घेतला.

ठरल्या दिवशी बर्फवाला आला. गाडीखाली वाकून त्याने दोन्ही सांध्यांवरून बोट फिरवलं.

"सापडला की तुम्हाला तो माणूस! कोण आहे?"

बायकोने क्लिपांच्या डब्यातून मान वर केली. एका शब्दाचं काम होतं. उस्ताद फडकं घेऊन बंपर पुसायला लागला.

"होता एक," तो म्हणाला. "हे एवढं करून दिलं आणि गाव सोडून गेला. पण त्याची पद्धत मी शिकून घेतलीय."

"मग प्रश्नच मिटला. आठही तुम्हीच करा. मात्र सांधा अस्साच हवा. पहिला सोमवारी बघून जाईन, मग पुढचे."

बर्फवाला खुशीत गेला. गाडी वळणाआड होईपर्यंत उस्ताद रस्त्याकडे बघत उभा राहिला. मग वळून म्हणाला, "तसं सांगावं लागतं गं. धंद्यात एकाचंच नाव असतं. तू आत बसून सांधे कर, बाकीचं मी बघतो. कुणाला कळणारही नाही."

तिने डब्याचं झाकण लावलं. हातमोजे खुंटीवरून काढले आणि त्याच्यापुढे ठेवले.

"माझ्या हातचे सांधे कशाला? तो माणूस तर गाव सोडून गेला ना?"

"अगं, चिडतेस काय? सोमवारी मी बर्फवाल्याला दाखवू काय?"

"ते मला काय विचारता?" ती आत जाता जाता म्हणाली. "उस्ताद तुम्ही."