बदकांची वाट

मित्रांनो, भरतकामाच्या कारखान्यात, जिन्याखालच्या फळीवर हिरवे दिवे मिचकावत बसलेला जुना राउटर म्हणजे मी.

खालचा मजला भरतकामाच्या यंत्रांचा, वरचा संगणकावर नक्षीची चित्रं काढणाऱ्यांचा. मला इथे बसवणाऱ्या वायरताईने दोन मजल्यांच्या दोन गल्ल्या पाडल्या आणि प्रत्येक यंत्राला आपापल्या गल्लीतला पत्ता दिला. माझ्या पोटात तिने एक तक्ता भरला. या गल्लीचं टपाल या दाराने, त्या गल्लीचं त्या दाराने. अनोळखी पत्ता दिसला, तर थेट बाहेरच्या, इंटरनेटच्या दाराने. वर काढलेली फुलं-पाखरं मी क्षणात खाली पोचवीत असे.

"गुणाचा आहे हो आमचा राउटर!" यंत्र चालवणाऱ्या मावशी म्हणत. पुढे कौतुक ओसरलं. अंगावर धूळ साचली. कुणीतरी माझ्यावर टोपीसुद्धा टाकून गेलं.

मग मावशींना नात झाली. बाळ संध्याकाळी दवाखान्यातून घरी येणार, त्याआधी दुपट्यावर बदकं भरून व्हायला हवी होती. खाली ओल आली म्हणून मावशींचं यंत्र आदल्याच दिवशी वर, चित्रं काढणाऱ्या भाचीशेजारी नेलं होतं. भाचीने बदकं पाठवली. यंत्र हाताच्या अंतरावर, पण ढिम्म हलेना!

"हा म्हातारा बिघडलाय. टाका काढून," भाची वैतागली. मावशी रडकुंडीला आल्या.

मला बोलता आलं असतं तर! यंत्राचा पत्ता खालच्या गल्लीचा. मी बदकं इमानाने खाली नेत होतो, हाका मारत होतो. ओ देणार कोण?

फोन केल्यावर वायरताई धावत आली.

"यंत्र हलवलंत का?"

"हो, कालच."

"आणि पत्ता?"

"अगं, इमारत तीच, पत्ता कशाला बदलायचा?"

वायरताई पोट धरून हसली. "धन्य आहात, मावशी! बिऱ्हाड वर आणलंत आणि पाटी खालीच ठेवलीत!"

तिने यंत्राला वरच्या गल्लीतला पत्ता दिला. आता गल्ली एकच, म्हणून बदकं शेजारच्या शेजारी गेली, माझ्या दाराकडे फिरकलीसुद्धा नाहीत. जरासं वाईट वाटलं. पण सुई खडखडू लागली आणि मीही खूश झालो. जाताना वायरताईने माझी धूळ पुसली, टोपी उचलली.

मित्रांनो, यंत्राची जागा बदलली, तर पत्ताही बदला. आणि काही अडलं, तर जुन्याला फेकण्याआधी एकदा जाणकाराला विचारून पाहा.

संध्याकाळी बाहेरच्या दारातून भाचीसाठी एक फोटो आला. बदकांच्या दुपट्यात गुरफटलेलं, जांभई देणारं बाळ! तो मात्र माझ्याच हातून वर गेला.