रावजीचे अनवाणी पाय आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी पेडल स्टील गिटार आहे. गिटार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे काही आलं असेल, ते आधी पुसून टाका. मला गळ्यात अडकवून कुणी मिरवू शकत नाही. मी टेबलासारखी चार पायांवर उभी असते. वाजवणारा माझ्यासमोर बसतो, उजव्या हाताने तारा छेडतो, डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून फिरवतो आणि पायांनी माझी पेडलं दाबतो. पेडल दाबलं की आतल्या सळ्या तारेला ओढतात आणि सूर वर चढतो. माझा आवाज रडवा आहे असं लोक म्हणतात. मला त्याचा अभिमान आहे.

माझा जन्म टेक्सासमधल्या एका छोट्या कारखान्यात झाला. व्हर्नन नावाच्या इंजिनिअर साहेबांनी मला घेतलं आणि सित्राच्या रिफायनरीत नोकरी लागली तेव्हा, १९७४ साली, बहरीनला आणलं. दर गुरुवारी संध्याकाळी झल्लाकच्या समुद्राकाठी एका हॉटेलात ते मला वाजवायचे. गाणी अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली. कंट्री म्हणतात त्याला. लांबचे रस्ते, सुटलेलं घर, वाट पाहणारी माणसं. तेल कंपन्यांतले गोरे साहेब ती ऐकून गुपचूप डोळे पुसायचे. व्हर्नन साहेब वाजवायचे बरं, पण त्यांच्या पायात जाडजूड बूट असायचे आणि पेडलवर ते असा पाय द्यायचे की माझ्या सळ्या खडखडायच्या. तीन वर्षांनी त्यांची बदली झाली. माझं वजन तीस किलो, विमानातून कोण नेणार? त्यांनी मला हॉटेललाच देऊन टाकलं आणि हॉटेलने मला खोक्यात बंद करून कोठीत, तांदळाच्या पोत्यांमागे सरकवलं. तिथे मी दोन वर्षं गंजत पडले.

रावजी हॉटेलची बस चालवायचा. देवगडजवळच्या एका खेड्यातला माणूस, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारा. एक दिवस बसचा जॅक शोधायला तो कोठीत आला आणि त्याने माझा खोका उघडला. तारा दिसताच त्याने हात जोडले. असा नमस्कार मला जन्मात कुणी केला नव्हता. मी जरा फुगलेच.

मग रोज दुपारच्या सुट्टीत तो येऊ लागला. शिलाई मशीनचं तेल आणून त्याने माझा गंज काढला, व्हर्नन साहेबांच्या कॅसेट शोधून काढल्या आणि ऐकून ऐकून हात बसवला. पण पेडलांना तो पाय लावेना! वाद्याला चुकून पाय लागला तरी हात लावून तो डोळ्यांना लावायचा, अशा घरात वाढलेला माणूस. मुद्दाम पाय कसा देणार? आणि पायांशिवाय मी अर्धी मुकी. महिना गेला. मला तर वाटलं, हा भला माणूस मला पूजेतच बसवणार.

शेवटी एका दुपारी त्याने नळावर पाय घासून धुतले, पंच्याने कोरडे केले आणि माझ्यासमोर बसला.

"माफ कर गो बाये," तो म्हणाला, "पाय लावतंय तुका. राग मानू नको."

आणि त्याने अंगठ्याने पेडल दाबलं. दाबलं कसलं, अंगठा नुसता टेकवला. बुटाच्या पायाला पेडल एक तर वर नाही तर खाली, एवढंच कळतं. रावजीच्या अनवाणी पायाला मधल्या सगळ्या जागा कळत होत्या. घाबरत घाबरत, जीव मुठीत धरून तो दाबायचा, म्हणून सूर हळूहळू चढायचा, मध्येच थांबायचा, पुन्हा चढायचा. एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जायचं, ती मींड आयुष्यभर पेटीवर त्याला काढता आली नव्हती, कारण पेटीवर ती निघतच नाही. ती मींड त्या दिवशी माझ्या तारांतून निघाली.

हॉटेलचे मॅनेजर जयप्रकाश साहेब पुण्याचे, बोलायला अगदी लाघवी. त्यांनी दाराबाहेरून ऐकलं आणि पुढच्याच गुरुवारी रावजीला स्टेजवर बसवलं. त्याच्या अंगावर ड्रायव्हरचा गणवेश आणि पाय उघडे. लोक आधी हसले आणि मग हसायचे थांबले. वेटर नजीब स्टेजच्या कडेला आपला टेपरेकॉर्डर ठेवायचा. त्याने भरलेल्या कॅसेट साहेब लोक मागून न्यायचे. त्या कॅसेट अमेरिकेत गेल्या, तिथे त्यांच्या नकला निघाल्या आणि वादक माना वाकड्या करून ऐकू लागले, की हा सूर असा चढतो तरी कसा? साहेब लोकांनी अनवाणी पायांचं सांगितलं, तेव्हा बऱ्याच जणांनी म्हणे बूट काढून पाहिले. झल्लाकचा ड्रायव्हर, एवढीच त्यांना त्याची ओळख होती.

मी हवेत होते. माझ्या लक्षातही आलं नाही, की आम्ही दोघं अडकलो. मला कुणी पळवू नये म्हणून माझे पाय लोखंडी पट्ट्यांनी स्टेजला जखडले गेले. आणि रावजीचा पासपोर्ट तर पहिल्या दिवसापासून ऑफिसच्या कपाटात होता. पूर्वी तो साधा ड्रायव्हर होता, तेव्हा रजा मिळाली असती. आता कशी मिळणार?

"साहेब, दोन महिन्यांची तरी सुट्टी द्या," तो दर वर्षी म्हणायचा.

"अरे रावजी, तू गेलास तर गुरुवारचं काय? तू हिरा आहेस आमचा. सीझन संपू दे, मग बघू, इंशाल्ला."

सीझन कधी संपलाच नाही. मी जितकी गोड वाजले, तितकी त्याच्या दाराची कडी घट्ट होत गेली. हे कळलं तेव्हा मला माझ्याच आवाजाची लाज वाटली.

घरी पत्राऐवजी तो कॅसेट भरून पाठवायचा आणि त्याची बायको शेवंती उलट कॅसेट पाठवायची. दुपारी माझ्याशेजारी बसून तो ती ऐकायचा. घर सोडलं तेव्हा मुलगी, रंभा, दोन वर्षांची होती. पहिल्या कॅसेटमध्ये ती नुसती हसायची. मग पाढे म्हणू लागली. मग, "बाबा, तुमी कधी येतलास?" सहाव्या वर्षी आलेल्या कॅसेटमध्ये सगळा वेळ शेवंतीच बोलत होती. शेवटी ती थांबली आणि म्हणाली, "रंभाक बोलाक सांगलंय. पण ती म्हणता, कोणाशी बोलू?"

रावजीने टेप बंद केला. त्या दुपारी त्याने मला हात लावला नाही.

त्याच महिन्यात, १९८४ साली, टेक्सासहून क्लिफर्ड नावाचे एक नावाजलेले वादक मुद्दाम त्याला ऐकायला आले. सोबत ध्वनिमुद्रणाचं यंत्र. जयप्रकाश साहेबांचा आनंद गगनात मावेना.

"रावजी, रेकॉर्ड निघणार तुझी! पाहुणे खूश झाले की मालक पाच वर्षांचा करार करतायत."

"आणि रजा, साहेब?"

"करार म्हटल्यावर रजा कसली रे? नशीब उघडलंय तुझं!"

संध्याकाळी क्लिफर्ड स्टेजजवळ आले आणि त्यांनी चक्क स्वतःचे बूट काढून बाजूला ठेवले. जयप्रकाश साहेबांनी त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं, "अरे, हे म्हणतायत, तुझी कॅसेट ऐकल्यापासून ते असेच अनवाणी वाजवतात. तुला गुरू मानतात."

रावजीने मान खाली घातली. मग तो स्टेजवर चढला. त्याच्या पायांत बसवरचे काळे, जाड बूट होते, नाड्या घट्ट बांधलेले. बसता बसता तो माझ्याशी पुटपुटला, "बाये, आज तुझो अपमान करतलंय."

आणि त्याने बुटाचा पाय माझ्या पेडलवर दिला.

मित्रांनो, खरं सांगते, मला भयंकर राग आला. सात समुद्रांपलीकडून माणूस ऐकायला आलाय, आणि हा मला असं वाजवतो? माझ्या सळ्या खडखडल्या. सूर एक तर खाली नाही तर वर. कुठल्याही हॉटेलात कुणीही वाजवतं, तसं. नजीबने बुटांकडे पाहिलं, मग रावजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच आपला टेपरेकॉर्डर बंद केला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी निमूट खडखडत राहिले.

क्लिफर्ड दुसऱ्या दिवशी निघून गेले. त्यानंतर सात गुरुवार रावजी बूट घालूनच वाजवत होता.

"काय झालं रे तुला?" जयप्रकाश साहेबांनी विचारलं.

"पाय आता पयल्यासारके ऱ्हवले नाय, साहेब."

लोक येईनासे झाले. हॉटेलने गाणाऱ्यांचा दुसरा ताफा आणला, आणि एका सकाळी कपाटातून रावजीचा पासपोर्ट बाहेर आला. "खलास," जयप्रकाश साहेब म्हणाले, "जा बाबा घरी." मला पट्ट्या काढून पुन्हा कोठीत उभं केलं.

निघायच्या दिवशी दुपारी रावजी कोठीत आला. पाय धुतलेले, ओले. दार नीट लावून तो माझ्यासमोर बसला. वाजवणं तर शक्यच नव्हतं. एक सूर जरी बाहेर गेला असता, तरी सगळ्यांना खरं कळलं असतं. त्याने कांडी तारांवर न टेकवता अलगद वर धरली. बोटं तारांवर नुसती हवेत चालली. आणि अनवाणी पायांनी तो पेडलं दाबू लागला, हळू, अर्धं, पाव, पुन्हा हळू. आत माझ्या सळ्या ओढल्या जात होत्या, तारा ताणल्या जात होत्या आणि आवाज कसलाच नव्हता. एक अख्खं गाणं त्याने असं वाजवलं. मग माझ्या प्रत्येक पेडलला हात लावून तो हात डोळ्यांना लावला आणि तो बसकडे गेला.

मी अजून कोठीतच आहे. मित्रांनो, आम्हा वाद्यांना पुसत जा, तेल देत जा, आम्हाला गंजू देऊ नका. पण त्याहून मोठी विनंती अशी, की कुणाला एखादी गोष्ट सुंदर येते म्हणून त्याला कोंडून ठेवू नका. लाकडा-लोखंडाला कोठी चालते, माणसाला नाही.

आणि तुमच्यापैकी कुणी देवगडकडे गेलात, तर रंभाला शोधा. ती बापाशी बोलली का, हे मला कळायला मार्ग नाही. झल्लाकचा ड्रायव्हर शेवटी शेवटी अगदी वाईट वाजवायचा, असं तिला कुणी सांगितलं असेल, तर ते खरं आहे म्हणावं. कुणासाठी, तेवढं मात्र तिला सांगा.