एक पिढी खालची रेघ

एप्रिल २००२. धारूरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिवांजलीची पदविकेची तोंडी परीक्षा दुपारी दोनला होती. नापास झाली तर आणखी वर्षभर थांबावं लागणार होतं, आणि घरून परवानगी एकाच वर्षाची होती.

तिचा प्रोग्रॅम घराण्याचा तक्ता काढायचा. प्रत्येक पिढी एका थरात, माणसं चौकटीत, नातं रेघेवर. चित्र काढणारं तयार कोड मासिकासोबत आलेल्या सीडीवरून घेतलेलं. सगळी नाती बरोबर येत होती. फक्त वारलेले आजोबा रेवणसिद्ध आणि आजी नीलाबाई यांच्यामधल्या रेघेवर 'पत्नी'ऐवजी 'अपत्य' येत होतं. तिने ती नोंद तीनदा पुसून पुन्हा भरली होती.

सकाळी तिने छापलेला तक्ता आजीपुढे ठेवला. नीलाबाईंनी चष्मा लावला.

"आगं, मी ह्यांची लेक कवा झाले? हे असते तर लई हसले असते."

"आजी, माझी परीक्षा हाय आज."

"मग नीट लिही की. आन मला खाली कावून बसवलंय? नवऱ्याच्या शेजारी बसव."

"तू त्यांच्या बहिणीची लेक ना! मामाशीच लगीन केलंस, मग एक पिढी खालीच..."

शिवांजली बोलता बोलता थांबली. बाकी सगळ्या जोडप्यांच्या रेघा आडव्या होत्या. ही एकच खाली उतरत होती.

साडेनऊला ती क्लासमध्ये पोचली. चूक सापडायला पावणेबारा झाले. दोन थरांमधल्या पहिल्या रेघेवरचं नातं वाचून ते तयार कोड तेच त्या थरांमधल्या सगळ्या रेघांवर छापत होतं. एरवी वरून खाली येणारी रेघ आईबापाकडून मुलाकडेच जाते, म्हणून आजवर कुठे अडलं नसावं. प्रत्येक रेघेचं नातं त्याच रेघेकडून घ्यायचं, एवढा बदल तिने केला.

पडद्यावर 'पत्नी' उमटलं.

"चला, आजोबा सुटले," मागे उभे असलेले क्लासचे रविराज सर म्हणाले.

दोनला परीक्षा सुरू झाली. बाहेरगावचे परीक्षक नेमके त्याच तिरप्या रेघेपाशी थांबले. "ही चुकली काय?"

"नाही सर. मामा-भाचीचं लग्न."

"असं? आमच्या घरात अशी तीन हायेत. घे, भर."

त्यांनी नावं सांगितली, तिने भरली. तीन तिरप्या रेघा आल्या, तिन्हींवर 'पत्नी'. परीक्षकांनी चौकटी बोटाने मोजून पाहिल्या, 'उत्तीर्ण' लिहिलं आणि सही केली.

बाहेर आल्यावर शिवांजली पायरीवरच बसली. सकाळपासून आपण पाणीसुद्धा प्यायलो नाही, हे तिला आत्ता कळलं.