सोडतीची घागर

मी एक जुनी पितळेची घागर आहे. तंजावूरच्या बाजारात मला ‘कुडम्’ म्हणतात, पण माझ्या घरची माणसे मराठी, म्हणून मी घागरच. पोट गोल, मान आखूड, आणि तोंड एवढेच की एका माणसाचा हात आत जावा, पण आत काय आहे ते कुणाला दिसू नये. मित्रांनो, पाणी तर सगळ्याच घागरी भरतात. मी एकदा घरे वाटली आहेत.

माझा जन्म कुंभकोणमच्या एका कासाराकडे झाला. त्याने मला इतके ठोकले की पुढे आयुष्यात कुणी आपटले तरी मला फारसे वाईट वाटले नाही. वत्सलाबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी मला विकत घेतले आणि मी त्यांच्याबरोबर तिरुवैयारुला सासरी आले. कावेरीचे पाणी आणावे, चिंचेने घासून घ्यावे, उन्हात चमकत बसावे, असे माझे दिवस होते. शेजारणी म्हणत, वत्सलाच्या घागरीत तोंड बघून घ्यावे! मी ते ऐकून खूश व्हायची. का होऊ नये?

पुढे वत्सलाबाईंचे यजमान रघुराम यांची तंजावूरच्या एका सरकारी कचेरीत बदली झाली आणि आम्ही भाड्याच्या घरात राहायला आलो. तिथे नळ होता. मग एक दिवस घरात हिरवी प्लास्टिकची घागर आली. हलकी, स्वस्त, पडली तरी हूं की चूं करत नाही. मी पडले तर अख्खी गल्ली दारात येते! माझी रवानगी माळ्यावर झाली. माझ्या पोटात जुन्या दोऱ्या आणि मोडकी छत्री कोंबली गेली. मला फार एकटे वाटे. सोय एकच होती. माळा बैठकीच्या खोलीवर होता, त्यामुळे खाली जे बोलणे होई ते सगळे मला ऐकू येई.

तो काळ नव्वदनंतरचा. गावाबाहेरच्या भातशेतांत दगड रोवून प्लॉट पडत होते, घरोघरी केबलच्या तारा येत होत्या, आणि ज्याला त्याला स्वतःचे घर हवे होते. सरकारी नोकरांनी मिळून घरबांधणीची एक सोसायटी काढली आणि रघुराम तिचे चिटणीस झाले. घरांच्या दोन ओळी उभ्या राहिल्या. पुढची ओळ रस्त्यावर, पूर्वेकडे तोंड करून. मागची ओळ कालव्याच्या बाजूला. सगळ्यांनी भरलेले पैसे सारखेच होते. कुणाला कुठले घर ते चिठ्ठ्या काढून ठरायचे होते.

या सभासदांत एकच बाई होती, सहायमेरी. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. सोसायटीच्या कामासाठी ती रघुरामांकडे येई आणि काम झाले की वत्सलाबाईंशी तमिळमध्ये गप्पा मारत बसे. एकदा कॉफी पिता पिता ती म्हणाली, “अक्का, भाड्याचं घर बघायला गेले की मालक आधी हसून बोलतो. मग विचारतो, गाव कुठलं? मग विचारतो, गावात कुठल्या बाजूला? मी खरं सांगितलं की त्याला एकदम आठवतं, घर मेहुण्याला द्यायचंय. दुसऱ्या दिवशीही ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी तिथेच.”

गावाबाहेरच्या वस्तीतली म्हणून तिला कुणी घर देत नव्हते. शेवटी एका मालकाने विचारलेच नाही, आणि तिनेही सांगितले नाही. पण त्यामुळे एक भलतेच होऊन बसले. तिची आई खेड्यातच राहिली. आईचे बोलणे वस्तीतले, आवाज मोठा. ती आली असती तर मालकाला एका वाक्यात सगळे कळले असते.

“आई महिन्यातून एकदा येते,” सहायमेरी म्हणाली. “आम्ही बसस्टँडच्या बाकावर बसतो. तिथेही मी तिला सारखी म्हणते, हळू बोल. माझं घर झालं ना अक्का, की तिला आधी आणणार.”

वत्सलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आले, पण माझ्यात आधीच छत्री भरलेली होती.

सोडतीच्या आदल्या दिवशी रघुरामांचे चुलतभाऊ वेंकटराव आले. वयाने मोठे, रघुरामांना नोकरीला लावणारे, त्यामुळे घरात त्यांचा शब्द सहसा कुणी खाली पडू देत नसे. तेही सोसायटीचे सभासद होते. आल्या आल्या घरच्या तंजावूरी मराठीत म्हणाले, “रघू, उद्यां दोन घागरी ठेव. पुढच्या ओळीचे आंकडे एकींत, मागच्या ओळीचे दुसरींत. आपल्यासारखीं माणसें जवळ जवळ राहिलीं तर बरें अहे कीं नाहीं?”

“आणि त्या मेरीला काय सांगायचें?” वत्सलाबाईंनी विचारले.

“सांगायचें काय त्यांत? तिचें नांव आलें कीं मागची घागर पुढें करायची. तिलाही तिकडेंच बरें वाटेल.”

“अण्णा, मला हें बरें वाटत नाहीं,” रघुराम म्हणाले.

“तुला काय वाटतें तें कोण विचारतें? सगळ्यांच्या मनांत हेंच अहे. तूं चिटणीस अहेस, तूं कर.”

रघुराम चिठ्ठ्यांचे कागद कापायला बसले. ते स्वभावाने मवाळ. घरात झुरळ मारायचे झाले तरी वत्सलाबाईंना हाक मारत. त्या रात्री त्यांना जेवण गेले नाही. वत्सलाबाई ताटाकडे बघून एवढेच म्हणाल्या, “उद्यां तिच्या तोंडाकडे बघून घागर पुढें करतां आली तर करा.”

सकाळी मला माळ्यावरून काढले. दोऱ्या गेल्या, छत्री गेली, चिंचेने अंग घासून निघाले. किती वर्षांनी उजेड पाहिला! मला सोडतीसाठी घातलेल्या मांडवात टेबलावर ठेवले आणि पुढच्या ओळीच्या चिठ्ठ्या माझ्यात टाकल्या. माझ्या शेजारी ती हिरवी प्लास्टिकची बसली. मागच्या ओळीच्या चिठ्ठ्या तिच्यात. माझ्या बरोबरीने बसायला मिळाले याचा आनंद तिला होता की नाही, कोण जाणे. ती बिचारी कधी बोलतच नाही.

सहकार खात्याचे अधिकारी देखरेखीला आले होते. त्यांनी विचारले, “सोडत एक, मग भांडी दोन कशाला?”

“सोयीसाठी सार, नुसतं सोयीसाठी,” वेंकटराव म्हणाले आणि त्यांच्यापुढे कॉफी सरकवली.

वेंकटरावांचा बेत असा होता की आधी स्वतःसारख्या चारपाच जणांना पुकारायचे. त्यांनी माझ्यात हात घातला की रीत पडून जाईल, आणि पुढे कुणी काही विचारणार नाही. पण अधिकाऱ्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि सहज म्हणाले, “सभासदांत एक बाई आहेत ना? त्यांना आधी बोलवा. उन्हाचं कशाला ताटकळत ठेवायचं?”

सहायमेरी उठली. टेबलापाशी आली. तिने माझ्याकडे पाहिले, हिरवीकडे पाहिले, मग रघुरामांकडे पाहिले.

“सार, मी कुठल्या घागरीत हात घालू?”

साधा प्रश्न होता. सगळ्या मांडवाला उत्तर माहीत होते. पण मित्रांनो, ते उत्तर तिच्या तोंडावर द्यायला एकही माणूस तयार होईना. वेंकटराव मांडवाच्या छताकडे बघू लागले. कुणी खाली बघत राहिले, कुणी उगाच खोकले. आजवर तिला जे जे नाकारले गेले ते मेहुण्याच्या नावाखाली, नाहीतर दुसऱ्या कसल्या सबबीच्या आडून. असे समोरासमोर कुणी कधी बोललेच नव्हते, त्यामुळे आता कुणाला शब्दच सापडेना.

“सांगा ना सार,” ती म्हणाली. ती टेबलापाशीच उभी राहिली.

रघुरामांच्या कपाळावरून घाम वाहत होता. त्यांचा हात हिरवीकडे गेला. त्यांनी तिला उचलले, वर धरले, आणि सगळ्या चिठ्ठ्या माझ्या तोंडात ओतल्या.

“यात,” ते म्हणाले. “सगळ्यांनी यातच.”

“रघू!” वेंकटराव ओरडले.

अधिकारी शांतपणे म्हणाले, “बरं केलंत. नियमात सगळे सभासद सारखे आहेत. दोन भांडी राहिली असती तर मला सोडत थांबवावी लागली असती.” मग त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून खळाखळा हलवले. एवढे मोठे काम हातून झाले आणि जीभही अडखळली नाही, याचे रघुरामांना इतके नवल वाटले की ते खुर्चीत बसून एकटेच हसू लागले. मांडवाच्या कडेला बायकांत बसलेल्या वत्सलाबाईंनी तिथूनच त्यांच्याकडे पाहिले. लग्न होऊन इतकी वर्षे झाली, पण असे त्यांनी यजमानांकडे क्वचितच पाहिले असेल.

सहायमेरीचा हात आत आला. गार पडला होता. तिने चिठ्ठी उघडली. मागची ओळ निघाली!

मांडवात कुजबुज झाली. कुणी तरी चुकचुकले. ती मात्र हसत होती. “अक्का,” ती वत्सलाबाईंना म्हणाली, “मागची तर मागची. ती मला कुणी दिली नाही. माझ्या हाताला लागली.”

मग बाकीचे आले. रघुरामांना पुढच्या ओळीतले कोपऱ्याचे घर निघाले. वेंकटरावांनी देवाचे नाव घेऊन माझ्यात हात घातला, बराच वेळ ढवळले, आणि त्यांना निघाले मागच्या ओळीतले, सहायमेरीच्या भिंतीला भिंत लागून. मी काही केले नाही हो. मी फक्त घागर आहे.

पोंगलच्या आधी सगळे राहायला गेले. पहिल्या रविवारी वत्सलाबाईंनी मला घासून आमच्या कोपऱ्याच्या घराच्या पायरीवर वाळत ठेवले होते; तिथून मागची ओळही दिसे. गावाकडची बस थांबली आणि एक म्हातारी डोक्यावर बोचके घेऊन उतरली. ती रस्त्याच्या मधून चालू लागली आणि भर कॉलनीत तिने हाक मारली, “ए मेरीऽऽ! तुझं घर कुठलं गं?”

दारे उघडली. वेंकटराव ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, पेपराची घडी घातली, आणि म्हणाले, “इकडे या अम्मा. आमच्या शेजारचं.”

सहायमेरी धावत बाहेर आली. आई अजून ओरडतच होती, बसमधली गर्दी, रस्त्यातली धूळ, मुलीचे वाळलेले तोंड. मुलीने तिला हळू बोल म्हटले नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या भांड्यांना टाकू नका. अधूनमधून घासा, पुसा, आमच्यात छत्र्या कोंबू नका. आणि कधी काही वाटायची वेळ आली, घर असो की नुसते पाणी, तर एकच भांडे काढा. दुसरे माळ्यावर राहिले तरी चालेल.