रिकाम्या कॅमेऱ्याची साक्ष

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा तर जुना कॅमेरा! पांढरा लांबट डबा, पुढे काळी गोल काच, वर उन्हापावसासाठी छोटीशी टोपी. पण मनावर ओझं नको म्हणून आधीच सांगून टाकतो. मी कॅमेरा नाही, कॅमेऱ्याचं नुसतं कवच आहे. माझ्या आत ना भिंग, ना वायर. फक्त सेलवर लुकलुकणारा एक लाल दिवा तेवढा होता.

मग तुला दिसतं कसं, असं तुम्ही विचाराल. छत्रीचं आत्मवृत्त तुम्ही निबंधात लिहिता, तेव्हा तिला तोंड कुठून आलं असं कुणी विचारतं का? नाही ना? मग मलाही सांभाळून घ्या. दिसतं मला सगळं. दाखवता मात्र काहीच येत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या भावंडांच्या पोटात भिंगं बसली, तारा बसल्या आणि ती बँकांत, दवाखान्यांत नोकरीला लागली. मला मात्र तसंच रिकामं एका दुकानाच्या काचेमागे टांगलं आणि गळ्यात चिठ्ठी अडकवली, 'फक्त नमुना'. येणारी माणसं मला बघायची आणि घेऊन जायची माझ्या भावाला. मी तिथेच लटकलेला.

तिथून मला उचललं वायरमन काकांनी. ते शेवटच्या बस थांब्याच्या पलीकडे, शेतांच्या मधोमध वसलेल्या बेचाळीस घरांच्या वस्तीत राहायचे. आत यायला एकच रस्ता, आणि त्या रस्त्याच्या तोंडाशी सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्याची टाकी. वर्षानुवर्षं तिथे कुणी दाराला कुलूप लावलं नव्हतं. पण त्या वर्षी एकापाठोपाठ एक अकरा चोऱ्या झाल्या. सायकली गेल्या, गॅसची टाकी गेली, कोंबड्या गेल्या. एका घरची तर दोरीवर वाळत घातलेली ओली चादरसुद्धा गेली! लोक दिवसाढवळ्या आतून कड्या लावून बसू लागले. संध्याकाळी शिकवणीहून येणाऱ्या मुलींना आणायला कुणीतरी थांब्यापर्यंत जायचं. शेवटी सगळे टाकीपाशी जमले आणि ठरलं, कॅमेरा बसवायचा.

काम वायरमन काकांकडे आलं. खरा कॅमेरा यायला वेळ लागणार होता आणि लोकांना तर धीर धरवत नव्हता. म्हणून काकांनी दुकानदाराकडून मला मागून आणलं आणि टाकीसमोरच्या खांबावर चढवलं. शेवटचा स्क्रू आवळताना ते माझ्या कानाशी पुटपुटले, "बाबा रे, चारच दिवस. माझी अब्रू तुझ्या हातात आहे." ते चार दिवस तीन वर्षं चालले. आधी काका विसरले, आणि आठवलं तेव्हा सांगायची लाज वाटली. मोठी माणसंही अशी करतात, मित्रांनो.

आणि गंमत अशी की मी चढलो आणि चोऱ्या थांबल्या! भागातले हवालदार वही घेऊन यायचे, पान उलटायचे आणि म्हणायचे, "या महिन्यात निरंक." लोक कौतुकाने माझ्याकडे बघायचे. कुणी खाली उभं राहून माझ्या काचेत भांग पाडायचं. पाहुण्यांना मला मुद्दाम दाखवलं जायचं. खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून यायचा. आपण रिकामे आहोत हे मी जवळजवळ विसरूनच गेलो.

माझ्यामुळे एका माणसाला मात्र रजा मिळाली. पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा रोज टाकीजवळ खुर्ची टाकून बसायचे. कुणीही नवीन दिसलं की त्यांची सरबत्ती सुरू व्हायची, "कुणाकडे? काय काम? परत कधी जाणार?" सगळे त्यांना चौकशी आजोबाच म्हणायचे. एकदा तर त्यांनी वायरमन काकांच्या व्याह्यांनाच दहा मिनिटं रस्त्यात उभं केलं होतं. मी आल्यावर त्यांची सून म्हणाली, "बाबा, आता बसा घरात निवांत. कॅमेरा आहे ना." खुर्ची आत गेली आणि तिच्याबरोबर आजोबाही. हळूहळू बाकीच्यांचंही रस्त्याकडे बघणं सुटलं. कुणी काही म्हटलं की उत्तर ठरलेलं, कॅमेरा आहे ना!

मग माझ्याकडेही बघणं सुटलं. काचेवर धूळ बसली. टोपीच्या फटीतून गांधीलमाशी आत शिरली आणि तिने मातीचं घर केलं. सेल संपले, लाल दिवा विझला. वर्षभर तो विझलेलाच होता, पण एकाच्याही लक्षात आलं नाही.

अशात एका मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, फाटक्या हिरव्या ताडपत्रीचा एक टेम्पो टाकीपाशी येऊन थांबला. खाकी शर्ट घातलेले दोघं उतरले. एकाच्या हातात फाइल, दुसऱ्याच्या हातात कापायचं यंत्र. पाण्याच्या मोटरभोवती लोखंडी पिंजरा होता. त्याचे गज त्यांनी आरामात कापले, मोटर टेम्पोत चढवली आणि वर चौकशी आजोबांच्या घरी जाऊन प्यायला पाणी मागितलं. सुनेने स्वच्छ पेल्यात पाणी दिलं. "मोटर दुरुस्तीला का?" तिने विचारलं. "हो ताई," फाइलवाला म्हणाला, आणि दोघं निघून गेले.

फाइलवाल्याच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती, तीही मी पाहिली. डोळ्यांत तेल घालून पाहिलं. पण पाहिलेलं साठवायला पोटात काहीतरी असावं लागतं, मित्रांनो. माझ्या पोटात गांधीलमाशी होती.

संध्याकाळी नळ कोरडे पडले आणि आरडाओरडा झाला. पिंजऱ्याचे कापलेले गज बघून कुणीतरी म्हणालं, "हे कापायचं काम ज्याला येतं, त्याचंच." मग सगळ्यांच्या माना एकाच घराकडे वळल्या.

शेवटच्या घरात एक वेल्डर भाड्याने राहायचा, बायको आणि दुसरीतल्या मुलीसह. त्याला येऊन चार वर्षं झाली होती, वस्तीतली निम्मी फाटकं त्याने बनवली होती, तरी त्याचं नाव 'नवा' ते 'नवा'च. 'फाटक कुरकुरतंय, नव्याला बोलवा.' इथवर ठीक होतं. आता 'मोटर गेली, नव्याला विचारा' सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी माझ्या खांबाखाली दोघी बोलताना मी ऐकलं.

"कॅमेऱ्यात दिसलाय म्हणे तो."

"कुणी पाहिलं?"

"वायरमननं पाहिलं असणार. त्याच्याकडेच असतं ते सगळं."

दुपारपर्यंत 'असणार' गळून पडलं आणि 'पाहिलं' तेवढं उरलं. लोक वायरमन काकांना गाठून विचारायचे. काकांची पाचावर धारण बसली होती. ते नुसतं "बघतो, बघतो" म्हणायचे आणि सटकायचे. त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. लोकांनी ते 'हो'च धरलं.

नव्याची ठरलेली दोन कामं रद्द झाली. त्याच्या मुलीला खेळायला बोलवायचं बंद झालं. ती एकटीच दोरीवरच्या उड्या मोजत बसायची. घरमालक येऊन सांगून गेला, "रविवारपर्यंत खोली मोकळी कर बाबा, मला कटकट नको." नव्याच्या बायकोने भांडी पोत्यात भरायला घेतली. मला वरून तिचं अंगण दिसायचं. तीन दिवस मला वाटत होतं, खांबासकट कोसळावं.

शुक्रवारी दुपारी हवालदार आले आणि सगळे माझ्याखाली जमले. नवा पळून जाईल असं अनेकांना वाटत होतं. तो बायकोला घेऊन स्वतःच आला आणि थेट वायरमन काकांसमोर उभा राहिला.

"काका, कॅमेरा दाखवा."

काका चपलांकडे बघत राहिले.

"अहो, दाखवा ना! मी तिकडे फिरकलोसुद्धा नाही. माझं कुणी ऐकत नाही. त्याचं तरी ऐकाल ना तुम्ही सगळे?"

आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

मित्रांनो, तीन वर्षं लोकांनी माझं कौतुक केलं, पण इतका भरवसा माझ्यावर कुणीच टाकला नव्हता. सगळ्या वस्तीत माझी खरी गरज त्या एकाला होती, आणि त्याला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

काकांनी शिडी लावली आणि ते चढू लागले. 'उन्हाने आतलं सगळं जळालंय' एवढं जरी ते म्हणाले असते, तरी त्यांचं निभावलं असतं. नव्यावरचा डाग मात्र जन्मभर राहिला असता. ते माझ्याजवळ पोचले, क्षणभर थांबले आणि मग त्यांनी माझं झाकण उघडून मला सगळ्यांदेखत उलटं केलं. मातीचं घरटं खाली पडून फुटलं. दोन गंजके सेल घरंगळत हवालदारांच्या बुटापाशी गेले.

"यात काही नाही," काका म्हणाले. "कधीच नव्हतं. मी काही पाहिलं नाही, कुणीच काही पाहिलं नाही. मी नुसता गप्प बसलो. खोटा मी आहे, हा नाही." आणि त्यांनी खाली उभ्या असलेल्या नव्याकडे बोट दाखवलं.

"तीन वर्षं वेडं बनवलंस आम्हाला?" वस्तीतला शिंपी ओरडला. "मग चोऱ्या कशा थांबल्या?"

"त्या होय?" हवालदार शांतपणे म्हणाले. "ती टोळी आम्ही पलीकडच्या बाजारात पकडली होती. हा डबा चढायच्या दोन आठवडे आधी."

मी हवेत उलटा लटकलेला होतो, तरी मान खाली घालावीशी वाटली.

हवालदारांनी वही उघडली. "डबा राहू द्या. आता माणसं बोला. मंगळवारी कुणी काय पाहिलं?"

पिठाची गिरणी चालवणारी मावशी पुढे आली. "अहो, मंगळवारी हा माझ्याकडेच होता की! गिरणीचा स्टँड तडकला होता. अकरा ते एक माझ्यासमोर बसून जोडत होता."

"मग तीन दिवस बोलला का नाहीत, मावशी?"

मावशीचा चेहरा उतरला. "मला वाटलं, कॅमेऱ्यात आहे सगळं. मला कोण विचारतंय?"

शिंप्याने कपाळाला हात लावला. "बरोबर आहे! याचं वेल्डिंगचं मशीन चाललं की माझा दिवा मिणमिणतो. मंगळवारी तासभर मला सुईत दोरा ओवता येत नव्हता. चांगल्या शिव्या घातल्या मी याला!"

मग आजोबांची सून रडवेली होऊन पुढे आली. "मीच पाणी दिलं त्यांना. माझ्या हाताने. टेम्पोची ताडपत्री हिरवी होती, फाटकी. एकाचा कान असा फाटलेला." हळूहळू दहा तोंडांतून तो सगळा मंगळवार बाहेर आला, मी पाहिला होता अगदी तसाच. चौकशी आजोबा मागे काठी टेकून उभे होते. ते हळूच म्हणाले, "मी असतो तर विचारलं असतं, कुणाकडे म्हणून." त्या दिवशी त्यांना कुणी हसलं नाही.

पाच दिवसांत तो टेम्पो आणि ते दोघं सापडले. मोटर मात्र सुटी सुटी होऊन भंगारात गेलेली होती. नवी मोटर आली. तिचा पिंजरा नव्यानेच बनवला, कारण ते काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. घरमालक ओशाळून "राहा की" म्हणाला. वायरमन काकांनी नव्याच्या घरी जाऊन माफी मागितली. नवा राहिला. पण कुणाच्या दारात चहाला थांबेना, कामापुरतं बोलायचा आणि मान खाली घालून निघून जायचा. चोराचा शोध लागला होता, पण नव्याच्या मनातली सल तशीच होती.

आजोबांची खुर्ची पुन्हा टाकीपाशी आली. मला गिरणीवाल्या मावशीने मागून घेतलं आणि गिरणीच्या भिंतीवर ठोकलं. काकांनी माझ्या पोटात छोटे हूक बसवले. बाहेर जाणारी माणसं आता आपल्या घराच्या किल्ल्या माझ्यात ठेवून जातात. रिकामा होतो म्हणूनच त्या मावल्या. मावशी रोज फडक्याने माझ्यावरचं पीठ झटकते. कोपऱ्यातल्या एका हुकाला ती कुणाला हात लावू देत नसे. "तो नव्याचा," म्हणायची. सात महिने तो हूक रिकामा होता.

परवा सकाळी नवा दळणाचा डबा घेऊन आला. डबा ठेवला, पण गेला नाही. खिशात हात घालून घुटमळत राहिला. मग त्याने एक किल्ली काढली आणि त्या हुकाला अडकवली.

"आम्ही दोघं बाहेर चाललोय, मावशी. पोरगी शाळेतून लवकर आली, तर दार उघडून द्याल?"

"देईन की," मावशी म्हणाली. तो गेल्यावर तिने पिठाच्या हातानेच डोळे पुसले.

मित्रांनो, तुमच्या वस्तीतही खांबावर माझं एखादं भावंड असेल. त्याच्या काचेवरची धूळ पुसत जा, त्याचा दिवा लागतो का बघत जा. पण तुमचं बघणं त्याच्यावर सोपवू नका. काही दिसलं असेल तर सांगा. आणि दिसलं नसेल, तर 'मी पाहिलं नाही' हेही तेवढ्याच मोठ्याने सांगा. कुणाच्या तरी घरी भांडी पोत्यात भरायला घेतली असतील.